तीसपैकी सात

(पात्रं दोन. मामा: नारायणगावच्या पट्ट्यात टोमॅटो आणि ऊस घेणारे शेतकरी, वीसेक वर्षांपासून सोरायसिसचे रुग्ण. भाची: पुण्यात त्वचारोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर. माणसं कल्पित आहेत. वाद मात्र कुकडीच्या किंवा घोडनदीच्या काठावरच्या कुठल्याही घरात होऊ शकेल असा आहे. भाचीनं मामांकडून दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. बेरीज आली तीसपैकी सात.)

मामा: तीसात सात म्हणजे नापासच की.

भाची: इथं उलटं असतं, मामा. गुण जितके जास्त तितकं आजारानं आयुष्य जास्त अडवलंय असं धरतात. शून्य-एक म्हणजे काहीच नाही. सहा ते दहा म्हणजे मध्यम. अकराच्या पुढं खूप आणि एकवीसच्या पुढं पराकोटीचं.

मामा: मग मी मध्यम. तेच तर सांगतोय तुला कधीचं. खाज येते, खपल्या पडतात, थंडीत जरा जास्त. पण शेती चालू आहे, पोरं शिकली. सवय झाली आता. कशाला कागद भरून घेतेस?

भाची: या सातावर माझाच विश्वास बसत नाही म्हणून. चार ठिकाणी तुम्ही 'लागू नाही'वर खूण केलीय.

मामा: जे लागू नाही त्याला दुसरं काय म्हणायचं? आधी सांग, हा कागद केला कुणी? बागकामात अडचण येते का, असं विचारलंय. बाग म्हणजे आम्हाला द्राक्षाची माहीत. तिच्यात अडचण आली तर बँकेचा माणूस दारात येतो.

भाची: वेल्समधल्या कार्डिफ शहरात फिनले आणि खान या दोघांनी 1994 साली तो प्रसिद्ध केला. आज शंभराहून जास्त भाषांत वापरतात. त्याआधी डॉक्टर चट्टा किती लाल, किती जाड, किती खपल्या आणि किती अंगावर, एवढंच मोजायचे. पेशंटला काय वाटतं याला सहसा रकानाच नसायचा.

मामा: डॉक्टरला दिसतंय ते मोजलं तर बिघडलं काय?

भाची: आपला एक तळहात, बोटांसकट, म्हणजे अंगाच्या साधारण शंभरावा भाग. एखाद्या बाईला फक्त दोन्ही तळहातांना सोरायसिस असेल, तर मोजमापात तिचा आजार दोन टक्के. म्हणजे किरकोळ. पण तिनं खुरपं कसं धरायचं? भाकरी कशी थापायची? तळव्याला भेगा पडलेल्या असताना मिठाच्या पाण्यात हात घालून बघा. म्हणून फिनलेंनीच पुढं दहाचा नियम मांडला. अंगाचा दहावा हिस्सा व्यापला असेल, किंवा चट्ट्यांच्या तीव्रतेचे गुण दहाच्या वर असतील, किंवा या कागदावर दहाच्या वर गुण असतील, तर आजार गंभीर समजायचा. तिन्हींपैकी एक पुरे.

मामा: हे पटलं. त्या बाईची भाकरी कुणी खाणार नाही हे मात्र तुझ्या कागदात नाही.

भाची: आठवा प्रश्न आहे ना. जोडीदार, जवळचे मित्र, नातेवाईक यांच्याशी त्वचेमुळं काही अडचण आली का?

मामा: 'काही अडचण'! घरातली म्हातारी सुनेला सांगते, पिठाला हात लावू नकोस. लेकरू जवळ घेऊ देत नाही. पुढच्या पंचमीला बाई माहेरी जाते ती परत येतच नाही. हे सगळं एका ओळीत बसवायचं आणि तिनं 'थोडी, बरीच, खूप' यातलं एक निवडायचं?

भाची: सगळं बसत नाही, मान्य. पण ओळच नसती तर मी विचारलंच नसतं. ओपीडीत एका पेशंटला मिळतात चार मिनिटं. त्यात 'घरी कसं चाललंय' म्हटलं की माणूस 'बरं आहे' म्हणतो आणि उठतो.

मामा: आणि एक प्रश्न तर तू मला विचारायलाच नको होतास.

भाची: मी विचारला नाही, मामा. कागदानं विचारला. तोंडानं जे बोलता येत नाही त्यावर निदान खूण करता यावी, यासाठीच तो कागद आहे. नवरा-बायकोतलं अंतर हा या आजाराचा मोठा भाग असतो आणि आपल्याकडं त्याबद्दल डॉक्टरही बोलत नाही, पेशंटही नाही. तुमची ती खूण बेरजेपुरती घेतली, बाकी माझ्या डोक्यातून गेली.

मामा: बरं. माझा दुसरा आक्षेप. कागदावर लिहिलंय, गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगा. तू आलीस वैशाखात. उन्हानं अंग निवळलेलं. पौषात ये, जुन्नरची थंडी हाडात शिरते तेव्हा. पाठीला भेगा पडून सकाळी सदरा अंगाला चिकटलेला असतो. तेव्हाचे गुण वेगळे येतील.

भाची: येतीलच. सूर्यप्रकाशानं चट्टे कमी होतात, कोरड्या थंडीत वाढतात. एका आठवड्याचा कागद म्हणजे एका दिवसाचा बाजारभाव, हे मी मान्य करते. पण आता माझं ऐका. त्या चार 'लागू नाही'कडं येऊ. पाचवा प्रश्न, चारचौघांत मिसळण्याचा. का लागू नाही?

मामा: मी कुठं जातच नाही, तर अडचण कसली?

भाची: कधीपासून?

मामा: धाकट्या चुलतभावाच्या हळदीपासून. अंगणात मला हळद लावायला पुढं बोलावलं. सदरा काढला. एक बाई मागं सरली. बोलली काही नाही. तेव्हापासून मी लग्नाला अक्षता टाकण्यापुरता जातो, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. तोही फिका. गडद रंगावर खपल्या पडलेल्या दिसतात. पांढराशुभ्रही नको, रक्ताचा ठिपका उठतो. कपड्याचा प्रश्न होता बघ चौथा, त्याला मी 'बरंच' म्हटलंय. खोटं नाही बोललो.

भाची: नाही बोललात. सहावा प्रश्न, खेळ.

मामा: या वयात कसला खेळ?

भाची: तुमचा बैलगाडा होता.

मामा: होता. घाटात गाडा पळवायचा म्हणजे उघड्या अंगानं नसलं तरी शे-दोनशे माणसांत घासून उभं राहायचं. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या, तेव्हा मी पण बैल काढले. लोकांना वाटलं, बंदीमुळं काढले.

भाची: आणि 2021 च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा? अख्खा आंबेगाव तालुका घाटांवर लोटला होता.

मामा: तेव्हा नाही घेतले.

भाची: हेच मी म्हणते. तुम्ही लग्नात मिसळणं सोडलं, घाट सोडला, विहिरीत पोहणं तर लहानपणीची गोष्ट म्हणून सोडून दिलंत. मग कागद विचारतो, यात अडचण येते का? तुम्ही म्हणता, लागू नाही. आणि 'लागू नाही'ला गुण मिळतात शून्य. ज्याला काहीच त्रास नाही त्यालाही शून्य आणि ज्यानं त्रासापायी ती गोष्टच टाकून दिली त्यालाही शून्य.

मामा: मग चूक माझी की कागदाची?

भाची: कागदाची. त्यावर टीका झालीच. 2018 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी हिशेबाची दुरुस्ती सुचवली. जेवढे प्रश्न खरोखर लागू होतात तेवढ्यांवरच गुण काढायचे आणि मग ते तीसाच्या पट्टीवर आणायचे. तुम्हाला सहा प्रश्न लागू, म्हणजे अठरापैकी सात. तीसावर आणले की बाराच्या घरात जातं.

मामा: म्हणजे आकडेमोड केली आणि मला मध्यमातून उचलून वरच्या वर्गात बसवलं. माझं अंग आहे तेच आहे. सकाळी सात होते, दुपारी बारा झाले. असल्या मापावर तू माझं औषध ठरवणार?

भाची: एकट्या मापावर नाही. पण दहाच्या आत-बाहेर असण्यानं फरक पडतो. दहाच्या आत म्हटलं की डॉक्टर मलम देऊन मोकळा होतो. दहाच्या पुढं गेलं की पोटातून गोळी, प्रकाशोपचार, इंजेक्शन यांचा विचार होतो. मामा, 'सवय झाली' हे तुमचं वाक्य तुम्हाला सोशिकपणाचं वाटतं. मला त्यात निम्मा आजार लपलेला दिसतो.

मामा: आणि मला तुझ्या बोलण्यात शहरातला माज दिसतो. सवय ही काय वाईट गोष्ट आहे? बिबट्या उसात आहे हे माहीत असून आम्ही रात्री पाणी धरायला जातो. बॅटरी घेतो, मोठ्यानं बोलतो, जातो. जे जात नाही त्याच्याबरोबर राहायला शिकायचं. तूच म्हणतेस हा आजार मुळापासून जात नाही.

भाची: जात नाही, पण आवाक्यात येतो. कित्येकांची कातडी औषधांनी जवळजवळ साफ होते. आणि सवयीचा धोका सांगते. सातव्या प्रश्नाला तुम्ही म्हणालात, कामात अडचण थोडी. आता खरं सांगा, टोमॅटो घेऊन मार्केटला कोण जातं?

मामा: पोरगा जातो. व्यापारी क्रेटात हात घालायच्या आधी माझ्या हाताकडं बघायचा. भाव पाडायला त्याला कारण लागतं.

भाची: आणि सकाळी उठल्यावर बोटं वळतात?

मामा: अर्धा-पाऊण तास आखडलेली असतात. मग मोकळी होतात. वय झालं.

भाची: टाच?

मामा: टाच दुखते. संकष्टीला लेण्याद्री चढायचो. तीनशेच्या आसपास पायऱ्या. आता खालूनच हात जोडतो.

भाची: आणि नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आहेत, ते मी आल्यापासून बघतेय. मामा, हे वय नाही. सोरायसिसच्या शंभर रुग्णांपैकी तीसेकांपर्यंत सांध्यांनाही तोच आजार धरतो. कातडीवरचा चट्टा गेला की मागं डाग राहील न राहील, पण सांधा एकदा झिजून वाकडा झाला की सरळ होत नाही. औषध लवकर सुरू झालं तर ते टळू शकतं. तुम्हाला दोन-तीन वर्षं आधी कुणी विचारलं असतं तर? पण विचारायची वेळच आली नाही, कारण तुम्ही सगळ्यांना सांगत होता, सवय झाली.

मामा: हे कुणी सांगितलंच नव्हतं. अंगाचा रोग वेगळा, सांध्याचा वेगळा, असंच आम्ही धरतो.

भाची: मुळात हा रोग फक्त कातडीचा नाहीच. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा चुकीच्या इशाऱ्यावर पेटून उठते. कातडीची पेशी तळातून वर यायला एरवी महिनाभर लागतो, तुमच्या चट्ट्यात ती चार-पाच दिवसांत वर येते. पिकलेली नाही तोवरच वर, म्हणून खपल्या. तीच आग सांध्यात जाते. वजन, साखर, हृदयविकार यांच्याशीही तिचं नातं आहे. जागतिक आरोग्य परिषदेनं 2014 च्या मे महिन्यात ठराव करून हा गंभीर, दीर्घकाळ चालणारा, असंसर्गजन्य आजार असल्याचं मान्य केलं.

मामा: असंसर्गजन्य हे गावातल्या न्हाव्याला कोण सांगणार? डोक्यात चट्टे आहेत म्हणून तो मला दुपारी, गिऱ्हाईक नसताना ये म्हणतो.

भाची: ते सांगायचं कसं, त्यावर येऊच. आधी औषधाचं बोला. दहाव्या प्रश्नालाही 'लागू नाही'. औषधच घेत नाही म्हणून?

मामा: घेऊन घेऊन थांबलो. हे तू नीट ऐक, कारण तुमची जात इथं ऐकत नाही. पहिली काही वर्षं खरूज, नायटा म्हणून मेडिकलमधलं मलम लावलं. दोन दिवसांत साफ व्हायचं, सोडलं की दुप्पट. मग एकाच्या सांगण्यावरून पुड्या खाल्ल्या. वाटलं, देव भेटला. पुड्या संपल्या आणि अख्खं अंग लाल झालं, ताप भरला. मग पथ्यं. दही नको, वांगं नको, आंबट नको, मासे नको. प्रत्येक पाव्हणा एक पदार्थ काढून घेऊन जायचा. डांबराचं औषध लावलं तर गाद्या, चादरी, सगळं खराब. बायको वेगळं धुणं धुवायची. रोगानं नव्हतं तेवढं औषधानं घर विस्कटलं.

भाची: त्या पुड्यांत स्टेरॉइड असणार. तसली पुडी एकदम थांबली की हा रोग उसळतो, कधी जिवावर बेततं. मेडिकलमधली जोरदार मलमं तशीच. 2018 मध्ये सरकारनं अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी हात पुढं केला की ट्यूब मिळते. आणि पथ्याचं म्हणाल तर दह्या-वांग्यानं सोरायसिस होतो याला आधार नाही. वजन उतरवणं, दारू आणि तंबाखू सोडणं यानं मात्र फरक पडतो.

मामा: पण एका वैद्यानं दिलेल्या तेलानं दोन वर्षं मी चांगला होतो.

भाची: असालही. मी तेलाला नावं ठेवत नाही, कोरडेपणा तर नक्की कमी होतो. पण हा आजार आपणहूनही ओसरतो आणि उसळतो. ओसरताना जे औषध हातात असतं त्याला यश मिळतं, उसळताना जे असतं त्याला शिव्या. आमच्या औषधांचंही तसंच होतं, म्हणून तर दोन गटांत ताडून बघावं लागतं.

मामा: मग तुझं औषध काय?

भाची: तुमचे सांधे बघता मेथोट्रेक्सेट नावाची गोळी. जुनी आहे, स्वस्त आहे. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विषच, माणसं दगावली आहेत. म्हणून आठवडे बाजाराचा वार ठरवून टाकायचा. अधूनमधून रक्त तपासायचं, यकृत सांभाळायचं, दारू बंद. मूल हवं असलेल्या बाईला ती चालत नाही, तुमचा तो प्रश्न नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं. ती महाग आणि आधी छातीत जुना क्षय दडलेला नाही ना, हे बघावं लागतं.

मामा: आणि तो प्रकाशाचा उपचार?

भाची: चांगला आहे, पण आठवड्यातून दोन-तीन वेळा यायचं, काही महिने.

मामा: बघ, आता तुला कळेल मी काय म्हणतो. मी हायवेच्या कडेला राहतो. आहुप्याच्या, भीमाशंकरच्या अंगाच्या माणसाचा विचार कर. हिरड्याचा हंगाम असो की भातलावणी, एक खाडा म्हणजे एक दिवसाची चूल. त्यानं आठवड्यातून तीनदा एसटीनं मंचर गाठायचं? तुझ्या कागदावर तो आज 'औषधाचा त्रास लागू नाही' म्हणेल. उपचार सुरू केले की त्याच प्रश्नाला तीन गुण देईल. म्हणजे तू बरं करायला निघालीस आणि त्याचं जगणं आणखी अडवलंस.

भाची: हा मुद्दा तुमचा. त्याला गोळीच बरी आणि रक्त तपासणी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात व्हावी. उपचार माणसाच्या रोजगाराला परवडतो का, हे चट्ट्याइतकंच बघितलं पाहिजे. आणखी एक, फुकटचं. कातडीला जिथं इजा होते तिथं नवा चट्टा उठू शकतो. कोबनर नावाच्या जर्मन डॉक्टरनं दीडशे वर्षांपूर्वी हे टिपलं.

मामा: म्हणजे खांद्यावरचा?

भाची: फवारणीच्या पंपाचा पट्टा. बरोब्बर पट्ट्याच्या रेघेत चट्टा आहे. उसाच्या पातीनं कापतं तिथंही उठतो. पट्ट्याखाली जाड सुती कापड घ्या, उसात जाताना बाह्या खाली ठेवा, खाजवण्याआधी खोबरेल लावा. याला मंचर नको आणि मीही नको.

मामा: बाह्या मी खालीच ठेवतो, ते तुला आवडत नव्हतं.

भाची: उसापासून झाकायला बाह्या ठीक. माणसांपासून झाकायला नकोत, एवढंच म्हणते.

मामा: ते तुझं पुण्याचं म्हणणं. धाकटीला स्थळं येताहेत. पाहुणे पहिलाच प्रश्न काय विचारतात? घरात काही आजार? बापाला साखर आहे म्हटलं तर 'ती कुणाला नाही' म्हणून हसतात. सोरायसिस म्हटलं की चहाचा कप खाली ठेवतात. मी लपवणार. वाटलं तर मला भित्रा म्हण.

भाची: भित्रा नाही म्हणत. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोरायसिसला कुष्ठरोगातच ढकलायचे, व्हिएन्नाच्या हेब्रांनी 1841 मध्ये दोन्ही वेगळे काढले. आपल्याकडं तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणसुद्धा 2019 मध्ये कायद्यातून काढलं. लोकांची भीती कायद्याच्या मागून चालते. पण लग्नानंतर कळलं तर 'फसवलं' म्हणतील, ते धाकटीला निस्तरावं लागेल. आई-बापांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहा-पंधरा. म्हणजे बहुतेकांना होत नाही. हे आकड्यासकट सांगता येतं.

मामा: शंभरात पंधरा ऐकल्यावर पाहुणा पंच्याऐंशी ऐकत नाही, पंधराच ऐकतो.

भाची: धाकटीला विचारलंत?

मामा: तिला काय विचारायचं?

भाची: सांगायचं की लपवायचं, ते. लग्न तिचं आहे. संशोधक आता आठवड्याचा नाही, अख्ख्या आयुष्याचा हिशेब मांडा म्हणतात. या आजारापायी शिक्षण कुठं सुटलं, नोकरी कुठली घेतली नाही, कुणाशी लग्न केलं नाही, हे साठत जातं. तुमच्या आयुष्यातलं साठलं ते साठलं. तिच्या खात्यावर तिला न विचारता का टाकता?

मामा: ...विचारतो. पण ती म्हणाली लपवा, तर मग तू मधे पडायचं नाहीस.

भाची: नाही पडणार. आणि ओपीडीत यापुढं कुणी 'लागू नाही'वर खूण केली की मी शेजारी एवढंच विचारीन, 'कधीपासून?' तुम्ही सोमवारी रक्त आणि हाताचा एक्स-रे यासाठी यायचं. डॉक्टरपुढं 'सवय झाली' म्हणायचं नाही.

मामा: येतो. पण माझीही एक अट. गोळी मला देशील, न्हाव्याला आणि पाहुण्याला कोण देणार? चट्टे गेले तरी माणसं पूर्वीचं विसरत नाहीत.

भाची: 29 ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन असतो. मी शाळेत येऊन बोलेन.

मामा: ऑक्टोबरच्या शेवटाला बहुतेकदा दिवाळीची सुट्टी, शाळेत कोण येणार? असले दिवस ठरवताना आमचं पंचांग कुणी बघत नाही. तू चैत्रात जत्रेला ये. घाटावर पंचक्रोशी जमलेली असते. गाडे सुटायच्या आधी पाच मिनिटं माइक मागून घेतो, समालोचक ओळखीचा आहे. आकडे नको सांगू फार. हे लागत नाही, हात लावला तरी लागत नाही, एवढंच तीनदा सांग.

भाची: तुम्ही शेजारी उभे राहाल?

मामा: माइक मिळवून देतो म्हटलंय. उभं राहायचं का, ते चैत्रात बघू.